परदेशात कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ काढताय? आधी यादी, मग मेसचं बिल, गाला डिनरचं नंतर बघू

दरवर्षी मे-जून आला की आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकतो, होस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल, मागे मेसची पत्र्याची शेड. मग दोन दिवस आठवणींचा पूर, तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहितो "यार आपण कॉलेजसाठी कायतरी केलं पाहिजे", त्यावर पन्नास अंगठे, आणि चौथ्या दिवशी परत गुड मॉर्निंग. न्यू जर्सीत बसून मी हे बरीच वर्षं बघितलं, अंगठेही दिले. मग आम्ही चार-पाच जणांनी खरंच संस्था काढली आणि जितक्या चुका करता येतात तितक्या केल्या, त्या तुम्हाला करायला लागू नयेत म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकतोय.

आमचं कॉलेज म्हणजे काही १८५४ चं सीओईपी नाही की १८८७ चं व्हीजेटीआय नाही. जिल्ह्याच्या गावचं कॉलेज, बाहेरच्याला नाव सांगितलं तर "कुठे आलं हे?" असं विचारतो. २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले तेव्हा आमच्या ग्रुपवरही ती बातमी फिरली आणि लगेच "आपण पण इन्क्युबेशन सेंटर काढू" सुरू झालं. थांबा. आपल्याकडे नीलेकणी नाहीत. आपल्याकडे आहेत महिन्याला २५-३० डॉलर न कुरकुरता देतील अशी दोन-तीनशे माणसं, फक्त ती कुठे आहेत ते आपल्याला माहीत नाही.

(पुढचे नियम सगळे अमेरिकेतले आहेत. इंग्लंड, जर्मनी, दुबईवाल्यांनी कायद्याचा भाग सोडून बाकीचं घ्या. दुबईवाल्यांनी तर जरा जास्तच सोडा, तिकडे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं हा सरळ गुन्हा आहे.)

यादी

पहिले तीन महिने एक पैसा मागायचा नाही, नुसती यादी करायची. गुगल शीट उघडा आणि कॉलम करा: नाव, लग्नाआधीचं नाव (हे विसरलात तर बॅचमधल्या निम्म्या मुली सापडणार नाहीत, आम्हाला सापडल्या नव्हत्या), पास झाल्याचं वर्ष, ब्रँच, होस्टेल की डे-स्कॉलर, सध्याचं शहर, ईमेल, फोन, कंपनी. कंपनीचा कॉलम पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो, का ते खाली येईल.

हे एकट्याचं काम नाही. प्रत्येक बॅचला एक माणूस गाठा, आणि तो बॅचचा टॉपर नको. टॉपरला फारसं कुणी ओळखत नसतं. जो गॅदरिंगला पुढे असायचा, ज्याच्याकडे सगळ्यांची जर्नल्स कॉपी करायला यायची, ज्याच्या खोलीवर पत्ते चालायचे, तो माणूस हवा, त्याला अजूनही सगळ्यांचे नंबर पाठ असतात. त्याला सांगायचं की बाबा तुझ्या बॅचची अमेरिका-कॅनडातली नावं भरून दे, बाकी काही करू नकोस. बहुतेक जण खुशीने करतात, कारण पैसे मागायला लागत नाहीत आणि जुन्या लोकांना फोन करायला निमित्त मिळतं.

आणि हो, शीट कुणाला दिसते ते नीट बघा. आमची पहिली शीट लिंक मिळेल त्याला उघडत होती, महिनाभरात एका इन्शुरन्स एजंटाने अख्ख्या यादीला मेल टाकला. तो पण आमचाच ज्युनिअर निघाला म्हणा.

नुसता ग्रुप चालेल की संस्था काढायची?

पिकनिक आणि दिवाळीपुरतं भेटायचं असेल तर संस्थेची गरज नाही, खर्च वाटून घ्या आणि मोकळे व्हा. पण लोकांचे पैसे एका माणसाच्या पर्सनल अकाउंटवर, व्हेन्मो किंवा झेलसारख्या पैसे पाठवायच्या ॲपवर घेऊन पुढे भारतात पाठवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. त्या माणसाच्या मागे टॅक्सचे प्रश्न लागतात, देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळत नाही, आणि दोन वर्षांनी "त्या पैशांचं काय झालं रे?" ही कुजबुज सुरू होते, ती तर सगळ्यात महाग.

संस्था काढायची पद्धत ऐकायला भीतीदायक वाटते पण आहे सोपी. आधी राज्यात नॉन-प्रॉफिट कॉर्पोरेशन म्हणून नोंदणी, न्यू जर्सीत त्यासाठी किमान ३ ट्रस्टी लागतात. नोंदणीच्या कागदात दोन वाक्यं असायलाच हवीत: संस्थेचा हेतू धर्मादाय आणि शैक्षणिक आहे, आणि संस्था बंद झाली तर उरलेला पैसा दुसऱ्या धर्मादाय कामालाच जाईल. मग आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरून ईआयएन, म्हणजे संस्थेचा टॅक्स नंबर, घ्यायचा, तो फुकट असतो, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट असतात त्यांच्या नादी लागू नका. मग बँक अकाउंट, सह्या दोघांच्या. मग ५०१ सी ३ दर्जासाठी अर्ज, म्हणजे ज्या दर्जामुळे संस्थेला टॅक्स माफ आणि देणाऱ्याला सूट.

अर्ज दोन प्रकारचे आहेत. पुढची तीन वर्षं दरवर्षी ५०,००० डॉलरच्या आत जमा होईल असा अंदाज असेल आणि मालमत्ता २,५०,००० च्या आत असेल तर साधारणपणे छोटा फॉर्म चालतो, १०२३-ईझेड, फी २७५ डॉलर, सगळं ऑनलाइन. मोठा फॉर्म १०२३, फी ६०० डॉलर, आणि त्यात कहाणी लिहावी लागते. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर दर्जा स्थापनेच्या तारखेपासून धरला जातो. इथे एक खोच आहे. "माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी" असा हेतू लिहिलात तर आयआरएसच्या नजरेत तुम्ही क्लब, आणि क्लबला दिलेल्या पैशावर देणाऱ्याला सूट नाही. हेतू शिक्षणाला आणि गरजू विद्यार्थ्यांना मदत असाच पाहिजे, आणि काम पण तेच पाहिजे, पिकनिक ही बाजूची गोष्ट.

यानंतर राज्याकडे वर्गणी मागण्यासाठी वेगळी नोंदणी असते, ती बहुतेक जण विसरतात. कॅलिफोर्नियात तर पहिला पैसा आल्यापासून ३० दिवसांत अटर्नी जनरलच्या रजिस्ट्रीत नाव घालावं लागतं. आणि दरवर्षीचं रिटर्न: जमा साधारण ५०,००० च्या आत असेल तर ९९०-एन नावाचं पोस्टकार्डाएवढं ऑनलाइन रिटर्न, दहा मिनिटांचं काम. कॅलेंडर वर्ष धरत असाल तर १५ मे ही तारीख. सलग तीन वर्षं भरलं नाही तर दर्जा आपोआप रद्द होतो, कुणी दार वाजवून सांगत नाही. दहा मिनिटांच्या कामासाठी संस्था मेलेली मी पाहिली आहे, सेक्रेटरी सिअॅटलला शिफ्ट झाला आणि मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली.

हे सगळं नको असेल तर दुसरा रस्ता पण आहे. आधीपासून काम करणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली जा. अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून महाराष्ट्रातल्या सामाजिक कामांना मदत पाठवतंय, अशा संस्थांशी आधी बोलून बघा. पहिली दोन वर्षं तसं करून माणसं टिकतात का ते बघायचं आणि मग स्वतःचं दुकान थाटायचं, हे आता मागे वळून बघता मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पैसा भारतात जाणार कसा, हे मागायच्या आधी ठरवा

आमची सगळ्यात मोठी चूक इथली. आम्ही आधी पैसे गोळा केले, टाळ्या वाजल्या, आणि मग कळलं की कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टकडे एफसीआरए नाही. पैसे अमेरिकेत बँकेत पडून, आणि तिकडे पोरं वाट बघतायत. एक अख्खं सत्र गेलं त्यात.

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा, २०१० चा, आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यात कडक बदल झाले. आपल्याला लागणारं एवढंच:

अमेरिकन संस्थेकडून गेलेला पैसा हा परदेशी पैसा, मग आपण सगळे मनाने कितीही कोल्हापूरचे असलो तरी. तो घेणाऱ्या भारतीय संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा त्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी लागते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा होतो, गावातल्या शाखेत थेट नाही. त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आधी ५० टक्के होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका संस्थेने एफसीआरएचा पैसा घेऊन पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायचा, हे २०२० पासून बंद. म्हणजे "पुण्याच्या ओळखीच्या ट्रस्टला पाठवू, ते आपल्या कॉलेजला देतील" ही आयडिया, जी प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी मांडतोच, ती चालत नाही. त्या ट्रस्टने स्वतः खर्च करायला हवा, म्हणजे मेसचं बिल, होस्टेलची फी त्यांनी स्वतः भरायची. हे चालतं आणि आम्ही शेवटी हेच केलं.

नवी नोंदणी काढायला संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि मागच्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात, नोंदणी ५ वर्षांसाठी असते, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ रिटर्न. म्हणून नवीन ट्रस्ट काढून लगेच नोंदणी मिळेल या भ्रमात राहू नका. तुमचं कॉलेज कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ असेल आणि त्याचे हिशेब कॅग तपासत असेल तर अशा संस्थांना केंद्राने सूट दिलेली आहे, तेव्हा आधी रजिस्ट्रारना पत्र टाकून लेखी उत्तर घ्या. तोंडी "हो हो काही प्रॉब्लेम नाही सर" वर विश्वास ठेवू नका.

अजून एक. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत भारतातल्या ट्रस्टला थेट पैसे देऊ शकतात, तो परदेशी पैसा धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचा, म्हणजे ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांचा, धरतात. थेट दिलं तर अमेरिकेत टॅक्स सूट नाही, पण एच-वन या नोकरीच्या व्हिसावरच्या कितीतरी जणांना तशीही ती फारशी मिळत नसते, त्यांना हा सरळ रस्ता दाखवा, उगाच आपल्या संस्थेतूनच जायला पाहिजे असा हट्ट नको.

अमेरिकेच्या बाजूनेही अट आहे. आपली संस्था नुसती पोस्टमन असून चालत नाही. कुठे आणि किती द्यायचं हा निर्णय आपल्या बोर्डाचा, त्याची मिनिट्समध्ये नोंद, आणि खर्चाचा हिशेब परत मागवलेला हवा. "हे हजार डॉलर माझ्या मावसबहिणीच्या मुलाला द्या" असा चेक आला तर नम्रपणे परत करायचा. येतात असे चेक. मावसबहिणी पण येतात फोनवर.

आता पैसे मागायचे

मराठी माणसाला पैसे मागायची लाज वाटते, मला पण वाटायची. ती जायला एकच औषध, मागायचं ते मोजून मागायचं. "कॉलेजच्या विकासासाठी सढळ हाताने" असं लिहिलंत की माणूस मेल मिटतो. त्याऐवजी असा हिशेब करा: समजा मेसचं बिल महिना ३,५०० रुपये, वर्षाचे १० महिने, म्हणजे ३५,०००. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण ४१२ डॉलर. म्हणजे महिन्याला ३५ डॉलर दिले की एका पोराची वर्षभराची मेस सुटली. आमचं सगळ्यात जास्त चाललेलं आवाहन हेच, "एकाची मेस". ज्याने चार वर्षं तिथली पातळ डाळ खाल्लीय त्याला दुसरं काही समजवायला लागत नाही. फक्त "कुणातरी एकाची" असं म्हणायचं, अमक्या नावाच्या मुलाची असं बांधून द्यायचं नाही, कारण वरचं पोस्टमनवालं.

मागायचं बॅचने. संस्थेकडून मेल गेला की माणूस डिलीट करतो, खोलीमेटचा फोन आला की उचलतो. ज्या बॅचला २५ वर्षं होतायत ती बॅच सगळ्यात आधी धरा, घरं झालेली असतात, मुलं मोठी झालेली असतात आणि रियुनियनचा जोर असतो. बॅचा-बॅचांत थोडी चुरस लावून द्या पण रकमेची नको, किती जणांनी दिलं याची लावा. रकमेची लावली की एक डॉक्टरेटवाला येऊन मोठा चेक फाडतो आणि बाकीचे म्हणतात झालं आपलं काम.

स्टेजवर जाहीर केलेल्या आकड्यांवर अजिबात जाऊ नका. आमच्या पहिल्या कार्यक्रमात माइकवर जेवढं जाहीर झालं त्यातलं निम्मंही पुढे आलं नाही, आणि त्या लोकांचा काही वाईट हेतू नव्हता, जेवण झालं, पोरं रडायला लागली, घरी गेले, विसरले. तेव्हापासून टेबलावर क्यूआर कोड, जागच्या जागी मंथली देणगी लावून टाका.

कंपनीचा कॉलम आठवतो ना? इथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात, मायक्रोसॉफ्ट तर कर्मचाऱ्यामागे वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत. कंपन्या ही भर ज्यातून देतात त्या बेनेव्हिटीसारख्या प्लॅटफॉर्मवर आपली संस्था व्हेरिफाय करून घेतली की काम सोपं होतं. काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांचे पण पैसे देतात, म्हणजे शनिवारी पोरांचे मॉक इंटरव्ह्यू घेतले त्याचेही संस्थेला डॉलर मिळू शकतात, आणि हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. यादीतून त्या कंपन्यांचे लोक काढा आणि ऑक्टोबरमध्ये एकेकाला फोन करा, मॅचिंगचा अर्ज त्याच्या कंपनीच्या पोर्टलवर त्यालाच भरायचा असतो, फोनवर राहूनच भरून घ्या.

शेअरचं पण सांगतो, आयटीतल्या जुन्या लोकांसाठी. वर्षाहून जास्त काळ धरलेले आणि वाढलेले शेअर विकून पैसे देण्यापेक्षा शेअरच संस्थेला दिले तर वाढीवर कॅपिटल गेन लागत नाही आणि आयटमाइझ करणाऱ्याला (ठोक वजावट न घेता एकेक वजावट मांडणाऱ्याला) बाजारभावाने सूट मिळते. संस्थेच्या नावाने एक ब्रोकरेज अकाउंट उघडून ठेवा. दोन माणसांनी जरी वापरलं तरी कष्ट वसूल.

पावत्या वेळेवर पाठवा. २५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर देणाऱ्याला सूट घ्यायला लेखी पावती लागतेच, तीत रक्कम आणि "बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली नाही" हे वाक्य. कार्यक्रमाचं तिकीट १०० डॉलर आणि जेवणाची किंमत ४० असेल तर सूट फक्त ६० वर, आणि ७५ च्या वर रक्कम घेतली की हे तुम्ही लिहून कळवायचं असतं. लॉटरीच्या, म्हणजे रॅफलच्या, तिकिटावर तर सूट नाहीच. रॅफल काढायचा मोह होतो पण न्यू जर्सीत त्याला लायसन्स लागतं, कॅलिफोर्नियात आधी नोंदणी आणि जमा झालेल्या रकमेतली ९० टक्के धर्मादाय कामालाच गेली पाहिजे. आम्ही पैठणीचं रॅफल ठरवून, पैठणी येवल्याहून मागवून, नियम वाचून मग रद्द केलं. पैठणी शेवटी लिलावात गेली.

वर्षातला जोर दोनदा: थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार, २०१२ पासून त्याला गिव्हिंग ट्यूजडे म्हणतात, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा. कार्डावर ३१ डिसेंबरपर्यंत चार्ज झालेलं त्या वर्षात धरतात. ३० तारखेला एक छोटा मेसेज टाका, लांबलचक नको. बघा कसे येतात.

कार्यक्रम: छोटे, आणि तारीख बघून

मोठा गाला पहिल्या तीन वर्षांत करू नका. हॉल, डीजे, केटरर, आणि मग रात्री एकला हिशेब केल्यावर कळतं की पैसे जमलेच नाहीत, उलट खिशातून गेले. पार्कातली पिकनिक स्वस्त आणि लोक जास्त बोलतात. पार्कचं परमिट वसंतातच काढून ठेवा, टाउनशिपवाले बऱ्याचदा १० लाख डॉलरच्या लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागतात, एका दिवसाचं पण मिळतं.

तारखेचं कॅलेंडर मांडूनच बसा. गणपतीचे दोन वीकेंड मंडळांचे, नवरात्रातले शनिवार गरब्याचे, दिवाळीच्या आसपास प्रत्येक घरी पार्टी. लेबर डेच्या आधीचा ऑगस्ट बरा पण निम्मे लोक मुलांना कॉलेजला सोडायला गेलेले. आम्हाला जूनचा पहिला पंधरवडा मानवला. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (इथल्या मराठी मंडळांची मोठी संघटना) अधिवेशन दोन वर्षांनी एकदा असतं, २०२४ मध्ये सॅन होजेला झालं, त्याला देशभरातून माणसं आलेलीच असतात, त्याच गावात आदल्या रात्री एखाद्या रेस्टॉरंटात कॉलेजवाल्यांचं जेवण ठेवा. हॉटेल नाही, तिकीट नाही, फुकटात रियुनियन.

जेवणाचं सोपं ठेवा, मिसळ एका ट्रेमध्ये, पाव, ताक, मुलांसाठी पिझ्झा. आलेल्या आरएसव्हीपीच्या सत्तर टक्के माणसं धरा, तरी उरतं. आणि जोडीदारांचा विचार करा, त्यांना आपल्या होस्टेलच्या त्याच त्या सहा गोष्टींत काडीचा रस नसतो. भाषणं एक, दहा मिनिटं, त्यातली पाच निवृत्त सरांना झूमवर. न्यू जर्सीत रविवारी सकाळी दहा म्हणजे उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे साडेसात, कॅलिफोर्नियात सकाळचे सात, थंडीत भारतात साडेआठ होतात. आमच्या एका सरांनी झूमवर हजेरी घेतली, रोल नंबरने. त्या दिवशी जेवढी मंथली लागली तेवढी नंतर कधीच लागली नाही.

तिकडच्या पोरांना मदत

इथे लोकांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. सगळ्यांना वाटतं फी भरायची. पण आपल्या वेळचं आणि आत्ताचं यात फरक आहे. महाराष्ट्रात आता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्तीच्या बऱ्याच योजना चालतात. कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी फी, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या ८ लाखांच्या आतल्या मुलींना शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. म्हणजे कागदावर फी सुटलेली असते. अडतं कुठे? पैसा उशिरा येतो, आणि तोवर मेसवाला, रूमवाला, एसटीचा पास, सेकंड हँड लॅपटॉप हे थांबत नाहीत. पहिल्या वर्षी पोरगं दिवाळीला घरी जातं आणि परत येत नाही ते फीमुळे कमी आणि या बारीक खर्चांमुळे जास्त.

म्हणून आमची योजना अशी: मेस आणि होस्टेल थेट ट्रस्टकडून भरायचं, मुलाच्या हातात छोटी रक्कम दरमहा, आणि लॅपटॉप शिक्षण होईपर्यंत वापरायला देऊन पास होताना परत घ्यायचा. ज्यांनी महाडीबीटीचा अर्जच केला नाही अशांना आधी तो भरून द्यायला मदत. हे काम गावातल्या दोन माजी विद्यार्थ्यांनी केलं आणि आमच्या डॉलरपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निवड कशी? फॉर्म मराठीत, दोन पानं. इंग्रजी निबंध मागू नका, ज्याला निबंध छान जमतो त्याला गरज असतेच असं नाही. उत्पन्नाचा दाखला घ्या पण नुसत्या दाखल्यावर जाऊ नका, तहसील कचेरीतून दाखला कसा मिळतो ते आपल्याला माहीत आहे. मेसच्या मामांना विचारा, रेक्टरना विचारा, कोण रात्रीचं जेवण बंद करून एक वेळच्या मेसवर आलाय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. मग तीन जणांचा व्हिडिओ कॉल, त्यातला एक भारतातला, आणि एक बाई असावीच, मुली जास्त मोकळ्या बोलतात. बोर्डावरच्या कुणाचा नातेवाईक अर्जात असेल तर त्या माणसाने त्या वर्षी निवडीत बसायचं नाही, आणि हे मिनिट्समध्ये लिहायचं.

केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, म्हणून मदत बंद करू नका. आम्ही पहिल्या वर्षी "सर्व विषयांत उत्तीर्ण" अशी अट घातली होती, आणि मीटिंगमध्ये एकाने विचारलं की इथे बसलेल्यांपैकी मॅथ्स थ्रीची केटी कुणाकुणाला होती. सात जणांत पाच हात वर. अट गेली. आता हजेरी बघतो, आणि दोन सत्रं लागोपाठ घसरण झाली तर मेंटर फोन करतो, बस्स.

फोटो काढू नका प्लीज. तो मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक, शेजारी मान खाली घातलेलं पोरगं आणि मध्ये हार घातलेले पाहुणे. देणाऱ्यांना हिशेब द्या, नावं झाकून: किती मुलांची मेस, किती महिने, किती लॅपटॉप, बँकेत किती शिल्लक. वर्षातून दोनदा, एका पानावर.

इकडे आलेली पोरं

दर ऑगस्टला आपल्या कॉलेजची पाच-दहा पोरं एमएसला येतात. त्यांना पैशांपेक्षा माणूस लागतो. एअरपोर्टवरून उचलणं, पहिले चार दिवस झोपायला जागा, सिमकार्ड, बँक, आणि डिसेंबरच्या आधी एक चांगलं जॅकेट. वापरलेली जॅकेटं पिकनिकला गोळा करा, सगळ्यांच्या क्लोजेटमध्ये दोन पडलेली असतात.

एक गोष्ट त्यांना पहिल्याच आठवड्यात बसवून सांगा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, बाहेर कुणाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर रोखीत काम केलं तर व्हिसा जाऊ शकतो. आणि तुमच्यातलाच कुणी धंदेवाला "ये रे शनिवारी माझ्याकडे" म्हणत असेल तर त्याला पण बसवून सांगा. शिक्षणानंतर ओपीटीचे (नोकरी करायची तात्पुरती परवानगी) १२ महिने, स्टेमवाल्यांना, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना, आणखी २४, आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, त्यामुळे नोकरीची मदत मे महिन्यात पास झाल्यावर करून उपयोग नाही, आदल्या ऑक्टोबरपासून रेझ्युमे बघायला घ्या. व्हिसाचे प्रश्न मात्र आपण सोडवायचे नाहीत, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे पाठवायचं. आपल्यातल्या प्रत्येकाला वाटतं आपण वकील आहोत कारण आपलं ग्रीन कार्ड झालं.

अडचणीसाठी थोडे पैसे वेगळे ठेवा आणि नियम आधीच लिहून ठेवा: कशासाठी, किती, कुणाच्या दोन सह्या. ॲक्सिडेंट, हॉस्पिटल, घरी कुणी गेलं म्हणून तातडीचं तिकीट. वाईटात वाईट घडलं तर पहिला फोन भारतीय वकिलातीला, न्यू जर्सीसाठी न्यू यॉर्कचं कॉन्सुलेट. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे आणि गरजूंचं पार्थिव भारतात नेण्यासाठी त्यातून मदत होऊ शकते. ऑनलाइन वर्गणीचं पान घाईत पाच जणांनी पाच उघडायचं नाही, घरच्यांशी बोलून एकच.

चाव्या

दोन वर्षांनी कमिटी बदलायची, निदान निम्मी. बदलताना द्यायच्या गोष्टी: बँकेच्या सह्या, वेबसाइटचं डोमेन कुणाच्या कार्डावर रिन्यू होतं ते, बेनेव्हिटीचं लॉगिन, आयआरएसचं मंजुरीचं पत्र, राज्याकडे दिलेला पत्ता, यादीची शीट. पत्ता कुणाच्या घरचा देऊ नका, पोस्टात बॉक्स घ्या. आणि सगळे पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर, आमच्या पहिल्या ट्रेझररच्या याहूवर नकोत, तो माणूस आता टेक्सासमध्ये आहे आणि त्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही.